तिथीची पाऊणपट आणि हरिहरेश्वराची प्रदक्षिणा

दिवाळीच्या अंकात समुद्र कशाला, असे वाचक विचारतील. पणत्या, चकल्या, आकाशकंदील यांत खाऱ्या पाण्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. अमावास्येला सूर्य आणि चंद्र एकाच बाजूला येतात, दोघांची ओढ एकवटते आणि समुद्राला उधाण येते. उधाण म्हणजे पाणी नुसते वर चढते अशी आपली शहरी समजूत. प्रत्यक्षात ते जेवढे वर चढते तेवढेच खालीही उतरते. उधाणाचा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो, म्हणजे नेमका पाडवा आणि भाऊबीज. एरवी पाण्याखाली झाकलेली खडकांची खालची आळी आपण फराळाचे डबे उघडतो त्याच दिवसांत उघडी पडते. पाऊसही तोवर संपलेला असतो आणि पाणी निवळायला लागलेले असते. समुद्रकाठच्या डबक्यांतली दुनिया पाहायला याहून चांगला मुहूर्त पंचांगात शोधून सापडणार नाही.

पंचांगाचे नाव निघाले आहे तर एक हिशेब सांगून टाकतो. तो कोकणात लहान पोरालाही ठाऊक असतो, पण दादर-गिरगावात आणि पुण्याच्या पेठांत अलीकडे विसरला गेला आहे. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरांची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते; कोळी मंडळी तिला सुकती म्हणतात. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो म्हणून भरतीही रोज तेवढी उशिरा येते, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. पाच मिनिटांची तफावत कोकणी माणसाने सोडून दिली आहे. छापील कोष्टकाशी ताडून पाहिले तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, पण ज्याच्या खिशात घड्याळसुद्धा नव्हते त्याने हा हिशेब बसवला, हे ध्यानात घेतले तर टोपी काढावीशी वाटते. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र आडव्या दिशांनी ओढतात. तेव्हा पाणी ना धड चढते ना धड उतरते. त्याला म्हणतात भांग.

एवढे सगळे सांगायचे कारण म्हणजे हरिहरेश्वर. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, दक्षिण टोकाला, सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे हे क्षेत्र आहे. पेशव्यांचे हे कुलदैवत. पेशवाई सुरू करणारे बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे, तेव्हा घरचाच देव म्हणायचा. आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, असा रिवाज आहे. देवदर्शनाविषयी मी अधिक लिहीत नाही. ते ज्याचे त्याने घ्यावे. पण इथली प्रदक्षिणा ही महाराष्ट्रात एकमेव म्हणावी अशी गोष्ट आहे. ती देवळाभोवती नसून डोंगराभोवती आहे, आणि तिची निम्मी वाट समुद्राच्या मालकीची आहे. देवळामागून डोंगर चढायचा, कड्याला पडलेल्या अरुंद फटीतून कोरलेल्या पायऱ्यांनी खाली उतरायचे, आणि मग कड्याच्या पायथ्याशी पसरलेल्या सपाट काळ्या खडकावरून डोंगराला वळसा घालून परत देवळापाशी यायचे. हा सपाट खडक ओहोटीला आपला, भरतीला समुद्राचा. भाडेकरू दोन, खोली एक, आणि वेळ वाटून घेतलेली. आपल्या वेळेबाहेर तिथे कोणी थांबले तर दुसरा भाडेकरू तक्रार घेऊन घरमालकाकडे जात नाही. या वाटेवरून माणसे वाहून गेल्याच्या बातम्या एकदा नव्हे, अनेकदा आल्या आहेत. भरतीच्या वेळी प्रदक्षिणा करू नये, असे फलक तिथे लावलेले आहेत, आणि त्या फलकांजवळ उभे राहून फोटो काढून घेऊन लोक खाली उतरतात.

गेल्या दिवाळीत आम्ही तिथे गेलो ते आमच्या मावशीसाठी. मावशी बहात्तर वर्षांची. लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळीला ती आणि काका हरिहरेश्वरला गेले होते. त्या वेळी त्यांनी प्रदक्षिणेला सुरुवात केली, पायऱ्या उतरले, थोडी वाट चालले, आणि पुढच्या वळणावर पाणी आलेले पाहून मागे फिरले. काका त्यानंतर जन्मभर थट्टा करीत, ‘आमचा संसार अर्ध्या प्रदक्षिणेचा.’ कशात काही राहून गेले, दूध उतू गेले, गाडी चुकली, की ‘अर्धी प्रदक्षिणा’. पुन्हा जाऊ जाऊ म्हणता चाळीसच्या वर वर्षे गेली. तीन वर्षांपूर्वी काकाही गेले. मावशीने तोंडाने काही सांगितले नव्हते; पण नरक चतुर्दशीला फराळ करता करता ती सहज म्हणाली, ‘गुडघे अजून चालतात तोवर एकदा तिकडे जाऊन यावं म्हणते.’ त्या ‘सहज’चा अर्थ आमच्या सौभाग्यवतीने ताबडतोब ओळखला, आणि पाडव्याच्या पहाटे आम्ही सहाजण निघालो. आम्ही उभयता, मावशी, चिरंजीव, कन्या, आणि दिवाळीसाठी अमेरिकेतून आलेली भाची. मुंबईपासून सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता. माणगावला महामार्ग सोडायचा, म्हसळ्यावरून श्रीवर्धन आणि पुढे हरिहरेश्वर. रस्त्याविषयी चांगले-वाईट काहीच लिहीत नाही. दरवर्षी ते बदलते.

साडेदहाला पोहोचलो, अकराच्या आत दर्शन झाले. मावशीने देवळामागच्या चढाकडे पाहिले आणि पदर खोचला. पण ज्यांच्या घरी आमची उतरायची आणि जेवणाची सोय होती ते गृहस्थ तेवढ्यात समोरून आले. त्यांनी फक्त विचारले, ‘आज तिथी काय?’

‘पाडवा,’ मावशी म्हणाली.

‘म्हणजे एक. एकाची पाऊणपट पाऊण. पाऊण वाजता भरती पुरी. आजी, आता तुम्ही खाली उतरलात की पाणी तुमच्याबरोबरच चालणार.’

‘आत्ता तर लांब दिसतंय पाणी,’ चिरंजीव म्हणाले. वय वर्षे बारा. समुद्राविषयी मत असण्याचे वय.

‘लांब दिसतंय ते वरून. खालच्या वळणावर जाऊन बघ, म्हणजे जवळ दिसेल. पण बघायला जाऊ नकोस.’

‘मग संध्याकाळी?’ मावशीने विचारले.

‘संध्याकाळी पाणी हटेल, पण उजेडही हटेल. उद्या बीज आहे. दुणे पाऊण दीड. दीडला भरती, म्हणजे सकाळी सव्वासातच्या सुमारास पुरती सुकती. साडेसहाला निघा. आठ-साडेआठाला परत या, तोवर चहा ठेवतो.’

आमच्या डोळ्यांदेखत पाचसहा तरुणांचे एक टोळके पायऱ्यांकडे गेले. गृहस्थांनी त्यांनाही हाक मारून सांगितले. त्यांनी हात हलवला. पाऊण तासाने ती मंडळी परत आली. कमरेपर्यंत भिजलेली, दोघांच्या पायांत चपला नाहीत, एकाचा गुडघा सोललेला, आणि बोलण्याचा आवाज जाताना होता त्याच्या निम्मा. गृहस्थ त्यांना काही बोलले नाहीत. आतून हळद आणून दिली. मग आम्हाला म्हणाले, ‘लोक म्हणतात पाणी न सांगता आलं. पाणी रोज सांगून येतं, वेळ ठरवून येतं.’

पाणी कसे चढते, याचाही एक हिशेब आहे, आणि तो समजला नाही म्हणूनच माणूस फसतो. समजा उधाणाला पाणी दहा फूट चढणार आहे. म्हणजे एकशेवीस इंच. सहा तासांत एकशेवीस, म्हणजे तासाला वीस, असा शाळेतला त्रैराशिकाचा हिशेब इथे चालत नाही. पहिल्या तासाला पाणी अवघे दहा इंच चढते. दुसऱ्या तासाला वीस. तिसऱ्याला तीस आणि चौथ्यालाही तीस. मग पुन्हा वीस आणि शेवटी दहा. म्हणजे पहिल्या तासात माणसाला वाटते की भरती काही फार नाही, अजून खूप वेळ आहे. आणि मधल्या दोन तासांत पाच फूट पाणी उभे राहते. आमची उंची पाच फूट चार इंच आहे. यात लाटांची उंची धरलेली नाही. मुंबईला मोठ्या उधाणाचा चढ साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. दक्षिणेकडे कोकणात तो कमी कमी होत जातो, आणि उत्तरेला खंबायतच्या आखातात भावनगरकडे दहा मीटरवर चढतो, कारण तिथे समुद्र उथळ आहे आणि आखात नरसाळ्यासारखे चिंचोळे होत गेले आहे. हरिहरेश्वरचा चढ त्यामानाने बेताचा. पण चिंचोळ्या वाटेवर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असला की बेताचाही पुरतो.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघालो. कड्याच्या फटीतून उतरताना दोन्ही बाजूंना खडक उभा आणि पुढे समुद्राची एक उभी पट्टी दिसते, ते दृश्य पाहून आमची कन्याही क्षणभर गप्प झाली. मावशी एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने भाचीचा खांदा धरून उतरत होती. पायऱ्या किती ते मी मोजले नाही, तिने मोजले असावेत. ओठ हलत होते. पण ते नामस्मरणही असू शकेल.

खाली आल्यावर पहिली गोष्ट दिसते ती कड्याचे अंग. हा सारा काळा दगड म्हणजे लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून जो रस वाहिला आणि थरावर थर देत ज्याने अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र झाकून टाकला, सह्याद्री ज्याचा झाला, त्याचाच हा समुद्राकडचा काठ. पण इथे त्या दगडाला ठायीठायी जाळी पडली आहे. मधाच्या पोळ्यासारखी भोके, शेजारी शेजारी, मध्ये कागदासारख्या पातळ भिंती. मावशीने बोट लावून पाहिले आणि म्हणाली, ‘अगदी अनारसा.’ मला याहून चांगली उपमा सुचलेली नाही. फरक इतकाच की अनारशाला जाळी तुपात पडते आणि या दगडाला मिठाने. लाटांचे तुषार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी सुकते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि वाढता वाढता दगडाचा कण कण उचकटून काढतात. एकदा खळगा पडला की आत सावली राहते, ओल राहते, मीठ अधिक साचते, आणि तो खळगा आणखी खोल जातो. घरात मिठाच्या बरणीचे झाकण गंजते हे पाहिलेल्या कोणाही गृहिणीला यात नवल वाटणार नाही.

पायाखालचा सपाट खडक मात्र लाटांनीच घडवलेला. कड्याच्या पायथ्याला लाटा आपटतात, तळाशी खाच पडते, वरचा भाग कोसळतो, कडा मागे सरकतो, आणि मागे उरतो तो हा ओटा. भूगोलाच्या पुस्तकात याला तरंगघर्षित मंच असे भारदस्त नाव आहे. चिरंजीवांनी ते परीक्षेत लिहिले होते, पण त्यावर आपण उभे आहोत हे त्याला सांगावे लागले. या ओट्यात जागोजाग गोल, गुळगुळीत रांजण कोरलेले दिसतात. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात जे रांजणखळगे आपण पाहतो त्यांचीच ही समुद्राकडची भावंडे. खळग्यात एखादा गोटा अडकतो, पाणी त्याला गरगर फिरवते, आणि तो खालचा दगड खरवडत जातो. काही रांजणांत तो गोटा अजून तळाशी होता, भरती येईपर्यंत सुट्टीवर असल्यासारखा.

आणि याच रांजणांत, खाचांत, भेगांत ओहोटीचे पाणी राहते. तीच ती डबकी, ज्यांच्यापायी मी हा लेख लिहायला बसलो. दुरून ती पावसाळ्यातल्या अंगणातल्या डबक्यांसारखी दिसतात. जवळ उकिडवे बसावे, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, आणि दोन मिनिटे तोंड मिटावे. शेवटची अट आमच्या कुटुंबाला कठीण गेली.

वरच्या खडकाला आधी बारीक पांढरे खडे चिकटल्यासारखे दिसतात. हात फिरवला तर हात कापेल. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय कापतात ते यांनीच. त्यांचे नाव बार्नेकल. दिसायला शिंपला, पण गोत्र खेकडा-कोळंबीचे. हा प्राणी लहानपणी पाण्यात पोहत हिंडतो, मग एक जागा पसंत करतो, डोके खाली करून स्वतःला दगडाला डकवून घेतो, भोवती चुन्याचे घर बांधतो, आणि उरलेला जन्म उलटा राहून पायांनी अन्न तोंडात लोटतो. घरासाठी जन्मभराचे कर्ज काढून बसलेल्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. उत्क्रांतिवादाचा जनक चार्ल्स डार्विन याने या क्षुल्लक प्राण्याच्या अभ्यासात १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे घालवली. शेजारच्या घरी गेल्यावर डार्विनच्या एका मुलाने ‘तुमचे बाबा बार्नेकलचं काम कुठे करतात?’ असे विचारले, अशी आख्यायिका आहे. त्याला वाटे, प्रत्येक बाबा हेच करतो.

त्याच्या खाली कालवांची वस्ती. तिथे दोन बायका वाकून लोखंडी अवजाराने कालवे फोडत होत्या. सौभाग्यवतीने त्यांना विचारले, ‘रोज येता?’ एकीने मान वर न करता उत्तर दिले, ‘पाणी येऊ देईल तेव्हा.’ त्यांच्या टोपलीत तासाभराच्या कामाचे जे होते ते पेलाभर असेल. बाजारात कालवांचा भाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा तिथे वाकून पाहावे.

पहिल्याच मोठ्या डबक्यात कन्येने एक सुंदर शंख पाहिला आणि उचलला. शंखातून पाय निघाले. तिने किंकाळी फोडून तो पुन्हा पाण्यात टाकला. आत शंखवासी खेकडा होता. या खेकड्याचे पुढचे अंग कवचाचे, पण मागचे अगदी मऊ आणि पिळदार. म्हणून तो मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधतो आणि त्यात राहतो. वाढला की घर लहान पडते, मग मोठे शोधायचे. पागडी नाही, दलाल नाही. पण टंचाई आहेच. चांगला शंख मिळाला नाही तर तो तोकड्या शंखात कसाबसा राहतो, आणि उघड्या पाठीने वावरला तर कोणाच्या तरी पोटात जातो. तोवर चिरंजीवांच्या खिशात सातआठ रिकामे शंख जमा झाले होते. ‘हे रिकामेच आहेत,’ तो म्हणाला. ‘रिकामे आहेत म्हणूनच हवे आहेत त्यांना,’ भाची म्हणाली. त्याने थोडा वेळ खिशात हात घालून विचार केला, आणि सगळे एकेक करून डबक्यात सोडले. एक मात्र पुढे घरी विजारीच्या खिशात सापडला. धुवायच्या आधी सापडला, एवढेच.

डबक्याच्या कडेला फुलासारखे काही हलत होते. हे समुद्रफूल. फूल नव्हे, प्राणीच. पाकळ्या म्हणजे त्याचे हात, आणि त्या हातांवर सुईसारखे सूक्ष्म डंख. बारीक मासा किंवा कोळंबी शिवली की डंख सुटतात, हात मिटतात आणि भक्ष्य मधल्या तोंडात जाते. ओहोटीला खडक कोरडा पडला की हेच फूल सारे हात आत ओढून घेते आणि जेलीच्या गोळ्यासारखे चिकटून बसते. त्यावर पाय देऊन आपण पुढे जातो आणि कळतही नाही. म्हणून या जागी पाय टाकायचा तो उघड्या कोरड्या दगडावर, ओल्या हिरव्यावर नाही. घसरून पडण्यापासून आपणही वाचतो.

या डबक्यांतले आयुष्य वाटते तितके निवांत नाही. दुपारची ओहोटी असली की पाणी तापते, आटते, खारटपणा वाढतो. पावसाळ्यात त्याच डबक्यात गोडे पाणी पडते. सकाळी गार, दुपारी कढत, कधी खारट, कधी आळणी, आणि मग एकाएकी समुद्राची लाट येऊन सगळे पूर्ववत. खोल समुद्रातल्या माशाला हे एक दिवस सोसणार नाही. इथल्या प्राण्यांनी मात्र प्रत्येकाने आपापली युक्ती काढली आहे. कोणी झाकण लावून घेतो, कोणी कपारीत शिरतो. एक बोटभर मासा तर आम्ही जवळ जाताच एका डबक्यातून टुणकन उडी मारून शेजारच्या डबक्यात गेला, शेजाऱ्याकडे दार न वाजवता जावे तसा.

एक सावधगिरीची सूचना इथेच देतो. निमुळत्या, शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख दिसला तर तो हातात घेऊ नये. त्या जातीच्या गोगलगाईकडे विषारी बाण असतो, आणि त्यातल्या काहींचे विष माणसालाही बाधते. सुंदर नक्षी पाहून मुलांचा हात नेमका तिकडेच जातो.

भाचीला या सगळ्याची सवय होती. ती अमेरिकेत ऑरेगन राज्यात राहते. तिथल्या किनाऱ्यावर कॅनन बीच या गावी हेस्टॅक रॉक नावाचा एक प्रचंड खडक समुद्राच्या काठाशी उभा आहे. उंची २३५ फूट, आणि आश्चर्य म्हणजे तोही आपल्यासारखाच काळा लाव्हाचा दगड, मात्र वयाने बराच लहान, दीड कोटी वर्षांच्या आसपासचा. ओहोटीला त्याच्या पायथ्याशीही अशीच डबकी उघडी पडतात आणि माणसांची रीघ लागते. पण तिथे १९८५ पासून स्वयंसेवकांची एक योजना चालते. ओहोटीच्या वेळी ही मंडळी हजर राहतात, दुर्बिणी लावून देतात, डबक्यात काय आहे ते पोरांना दाखवतात, आणि कोणी खडकावर चढू लागला किंवा काही उचलून नेऊ लागला तर गोड बोलून थांबवतात. मी म्हटले, ‘आपल्याकडे फलक आहेत.’ ती म्हणाली, ‘मामा, फलकाला डोळे नसतात.’ मला तिचे म्हणणे पटले. परदेशातले सगळेच आपल्याकडे यावे असे मी म्हणणार नाही. पण काल देवळापाशी तिथी विचारणारे आमचे गृहस्थ आणि ते स्वयंसेवक यांच्यात मला तरी फारसा फरक दिसला नाही. त्यांना कोणी नेमलेले नव्हते, एवढाच.

पावणेआठ वाजले होते. भाची घड्याळ पाहत होती, कारण सव्वासातला पाणी फिरले होते. पहिल्या तासाचे दहा इंच आता खर्ची पडत होते. चिरंजीवांना आणखी एक डबके पाहायचे होते, मला आणखी एक रांजण. सौभाग्यवतीने दोघांनाही नावानिशी हाक मारली, त्यात मला ज्या स्वराने मारली त्यावरून वेळेचे महत्त्व कळले. आम्ही भराभर चालू लागलो. म्हणजे मावशीच्या भराभर.

एका वळणाशी ती थांबली. कडा तिथे पुढे आलेला आहे आणि वाट खाली, पाण्याच्या जवळून जाते. लाट येऊन खडकाच्या कडेला फुटत होती, पण वाटेवर फक्त ओल होती. ‘इथून मागे फिरलो आम्ही,’ ती म्हणाली. आम्ही सगळे काही तरी बोलायचे म्हणून उगाच इकडेतिकडे पाहू लागलो. मावशीने चपला काढल्या. मी म्हटले, ‘मावशी, अगं पाय कापतील.’ ती म्हणाली, ‘तेव्हाही अनवाणीच होते.’ तिने वाकून डबक्यातले पाणी ओंजळीत घेतले, समुद्राकडे तोंड करून सोडले, पुन्हा चपला घातल्या, आणि भाचीचा खांदा न धरता ते वळण ओलांडले. पलीकडे गेल्यावर मागे वळून ती आम्हाला म्हणाली, ‘चला लवकर. तुमचंच अर्धं राहायचं.’

साडेआठाला आम्ही देवळापाशी होतो. चहा तयार होता. तिथेच ओसरीवर कन्येने भावाला ओवाळले. ओवाळणीत त्याने तिला काय द्यावे, याबद्दल भांडण झाले, ते दरवर्षीचेच. अकराच्या सुमारास मी परत कड्याच्या माथ्यावर जाऊन खाली पाहिले. मावशीने ओलांडलेले ते वळण ओळखता आले नाही. तिथे नुसते पांढरे पाणी होते.

ज्यांना कोकणात जाणे जमणार नाही त्यांनी हळहळू नये. मुंबईकरांना तर घराजवळ हेच सारे आहे. हाजी अलीच्या खडकांवर, गिरगावात, जुहूला ओहोटीला समुद्रफुले, शंखवासी खेकडे, एवढेच काय पोवळीसुद्धा सापडतात. २०१७ पासून काही हौशी मंडळी लोकांना ओहोटीच्या वेळी या किनाऱ्यांवर हिंडवून ही दुनिया दाखवू लागली. सागरी किनारा मार्गाच्या बांधकामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची पोवळी उचलून दुसरीकडे हलवावी लागली, तेव्हा कित्येक मुंबईकरांना प्रथमच कळले की आपल्या गटारांच्या तोंडाशी पोवळी राहत होती.

जाताना जुने रबरी तळव्याचे बूट घालावेत. नवे घालू नयेत, खाऱ्या पाण्याने वाया जातात. डोक्याला टोपी, पाण्याची बाटली, आणि घरातल्या एका माणसाने फक्त घड्याळाकडे आणि पाण्याकडे पाहायचे असे आधीच ठरवून टाकावे. हा माणूस फोटो काढणारा नसावा. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खाली उतरावे आणि पाणी फिरल्यावर तासाभरात वर यावे. डबक्यातला दगड उलटून पाहिला तर पुन्हा होता तसा ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला कोणाचे तरी छप्पर असते. आणि निघण्यापूर्वी कोष्टक पाहिलेत तरी तिथे गेल्यावर एखाद्या गावकऱ्याला विचारावे. तो आधी तुम्हाला तिथी विचारील. ती पाठ असू द्यावी.